जुन्या सागवानाच्या सुया आणि चात्या पुन्हा पुन्हा खरखरीत का होतात?

जुन्या वाड्यांच्या मोडकामातून निघालेल्या सागवानापासून विणकामाच्या सुया, क्रोशाच्या सुया, सूत कातण्याच्या टकळ्या व चात्या आणि मागाचे धोटे घडवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. अवजार घडवले त्या दिवशी ते हाताला अगदी गुळगुळीत लागते, पहिले काही आठवडे लोकर त्यावरून विनासायास सरकते, आणि मग एखादा पावसाळा गेल्यावर किंवा ओलसर लडीशी संबंध आल्यावर धागा अडकू लागतो. टाके बोटाने ढकलावे लागतात, लोकरीचे तंतू सुटून लाकडाला लटकून राहतात आणि विणलेल्या भागावर लव आल्यासारखी दिसते. पॉलिश पेपर फिरवला की काम पुन्हा चालू होते, पण थोड्याच दिवसांत खरखर परत येते.

अशा वेळी लाकूडच वाईट निघाले असे समजून अवजार टाकून दिले जाते, हे मला फार खटकते. पिढ्यानपिढ्या छपराचा भार सोसलेल्या तुळईचा गाभा बहुधा उत्तम स्थितीत असतो. पुण्याच्या पेठांतील वाडे किंवा मुंबईच्या चाळी पाडल्या जातात तेव्हा वखारीत येणाऱ्या मालात बर्मा सागवान अजूनही सापडते, आणि त्या तोडीचे लाकूड आज नव्याने विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. खरखर परत येते याचे कारण असे, की तिचे मूळ चार वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते आणि आपण मात्र दर वेळी घासण्याचा एकच उपाय करत राहतो. पृष्ठभागावरचे दबलेले तंतू ओलाव्याने उभे राहिलेले असतात, किंवा लाकडाच्या रेषा अवजाराच्या लांबीला तिरक्या गेलेल्या असतात, किंवा सागवानाची मोठी छिद्रे उघडी राहिलेली असतात, किंवा वरून लावलेले तेल मुळात वाळलेलेच नसते. यांपैकी शेवटच्या दोषावर पॉलिश पेपर चालवला तर भुसा चिकट तेलात मिसळून आणखी वाईट थर बसतो, आणि दुसऱ्या दोषावर कितीही घासले तरी नवे तंतू उघडे पडत राहतात. म्हणून आधी निदान आणि मग हात लावणे, हा क्रम सोडू नये.

निदान कसे करावे

निदानासाठी पिंजलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका पुरेसा असतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असल्यामुळे ती लहान दोषांवरून तशीच सरकून जाते. मेरिनो या तलम लोकरीच्या मेंढीचे तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे असतात आणि कापसाचे त्याहूनही बारीक, त्यामुळे बारीक दोष कापूस लगेच दाखवतो. अवजार खिडकीसमोर असे धरावे की उजेड पृष्ठभागावर तिरका पडेल. मग पुंजका दोन बोटांत सैल धरून, जराही न दाबता, टोकाकडून मुठीकडे आणि पुन्हा मुठीकडून टोकाकडे ओढावा, सुई थोडी फिरवावी आणि हेच पुन्हा करावे. जिथे दोष असेल तिथे कापसाचे एक-दोन तंतू लाकडावर उभे राहिलेले तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतात, आणि त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करता येते.

आता या खुणा कशा पसरल्या आहेत ते पाहावे. तंतू संपूर्ण लांबीवर आणि दोन्ही दिशांना थोडेथोडे अडकत असतील, तर ओलाव्याने तंतू उभे राहिले आहेत. एका दिशेने पुंजका सहज सरकतो आणि उलट दिशेने अडकतो, शिवाय अडकण्याच्या जागा सुईच्या एकाच अंगाला आहेत, असे दिसले तर रेषा तिरक्या आहेत. क्रोशाच्या तोंडाशी, खाचेच्या आतल्या वळणावर किंवा चातीच्या चकतीच्या कडेवरच कापूस धरला जात असेल, तर छिद्रांचा किंवा आडव्या कापलेल्या तंतूंचा दोष आहे. आणि कापूस कुठेही न अडकता सर्वत्र ओढल्यासारखा, जड चालत असेल, बोटाचा ठसाही उमटत असेल, तर दोष लाकडाचा नाही, वरच्या थराचा आहे.

उभे राहिलेले तंतू

बहुसंख्य अवजारांत हाच दोष सापडतो, म्हणून त्याचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. लाकूड हवेतला ओलावा सतत घेते आणि सोडते. हवेची आर्द्रता ३० ते ४० टक्के असते तेव्हा सर्वसाधारण लाकडात वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी राहते, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर स्थिरावली तर हेच प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जाते. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलते, पण हलतच नाही असे नाही. देशावर चैत्रात घडवलेली सुई कोकणातल्या आषाढात गेली, की तिच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक तंतू फुगण्याचा प्रयत्न करतो.

केवळ फुगण्याने खरखर येत नाही. बोथट रंध्याने किंवा झिजलेल्या पॉलिश पेपरने काम केले, तर तंतू स्वच्छ कापले न जाता अर्धवट तुटतात आणि खाली दाबले जातात. त्या दिवशी हाताला ते कळत नाही, कारण दबलेले तंतूही गुळगुळीतच लागतात. पाणी लागताच ते दबलेले तंतू आपला मूळ आकार घेतात आणि उठून बसतात. सागवानात हा प्रकार अधिक घडतो, कारण या लाकडात सिलिका असते आणि ती पात्याची धार फार लवकर खाते. मोडकामाच्या लाकडात त्याच्या जोडीला वर्षानुवर्षांची धूळ, चुना आणि मोडके खिळे असतात. म्हणजे धार गेलेल्या हत्याराने काम करण्याची वेळ इथे सर्वांत लवकर येते, आणि नेमके इथेच धार हवी असते.

आणखी एक गोष्ट जुन्या लाकडाची खास आहे. उन्हापावसात राहिलेल्या वाशाचा वरचा थर करडा पडलेला असतो. सूर्यप्रकाशाने तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य नष्ट झालेले असते आणि पावसाने ते धुऊन गेलेले असते. हा करडा रंग दिसायला सुंदर असतो आणि तो राखण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण लोकरीला लागणाऱ्या भागावर तो मुळीच ठेवू नये. त्या थरातले तंतू एकमेकांना धरून नसतात, त्यामुळे कोणताही लेप त्यांना फार काळ बसवून ठेवू शकत नाही. आतले तपकिरी, सोनेरी, सुगंधी लाकूड सर्वत्र दिसेपर्यंत रंधा मारावा.

उपाय असा आहे, की तंतू पुढे कधीतरी उठणारच असतील तर ते आपणच आधी उठवून घ्यावेत. प्रथम खरवडण्याने सुरुवात करावी. आपल्याकडचे सुतार यासाठी काचेच्या ताज्या तुटलेल्या तुकड्याची कड वापरतात, आणि बारीक गोल सुईवर ती खरोखरच पॉलिश पेपरपेक्षा चांगले काम करते, कारण ती तंतू कापते, दाबत नाही. हातात जाड मोजा घालून, काच जवळजवळ उभी धरून, रेषांच्या दिशेने हलके ओढले की अतिशय पातळ, कुरळ्या साली निघतात. सालीऐवजी पूड पडू लागली की कड गेली असे समजून तुकडा बदलावा. त्यानंतर २२० आणि मग ३२० नंबरचा नवा पेपर, रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवावा.

मग स्वच्छ कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि अवजार सगळीकडून एकदा ओलसर करावे. पाणी टपकता कामा नये. सावलीत पूर्ण वाळू द्यावे. पंख्याखाली दोन-तीन तास, पावसाळ्यात रात्रभर. वाळल्यावर बोट फिरवले तर सगळीकडे बारीक काटेरी लव जाणवेल. ४०० नंबरच्या नव्या पेपरने ही लव फक्त छाटून घ्यायची असते, लाकूड घासायचे नसते. जोर दिला तर खालचे नवे तंतू पुन्हा दाबले जातात आणि सगळे श्रम वाया जातात. हीच ओलवण्याची आणि छाटण्याची कृती पुन्हा करावी. बहुतेक सागवानात दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीनंतर ओले केले तरी लव उठत नाही, आणि ती उठेनाशी होईपर्यंत थांबणे हाच या उपायाचा गाभा आहे. घाईने पहिल्या फेरीनंतर लेप चढवला, तर पुढच्या पावसाळ्यात तक्रार परत येईल.

तिरक्या रेषा

४ मिलिमीटर जाडीच्या सुईत रेषा लांबीशी १० ला १ अशा तिरक्या असतील, तर प्रत्येक तंतू जास्तीत जास्त ४० मिलिमीटर चालून सुईच्या बाहेर पडतो. म्हणजे २५ सेंटीमीटरच्या सुईत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एकही तंतू नसतो, आणि जिथे जिथे तंतू बाहेर पडतो तिथे त्याचे टोक लोकर धरते. अशी सुई वाकवली तर मोडतेही त्याच तिरक्या रेषेवर, लांब अणकुचीदार फाट्यासह, आणि तो तळहातात घुसू शकतो.

या दोषावर घासण्याने, लाखेने किंवा मेणाने काहीही कायमचे होत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. अशी सुई बाजूला ठेवून नवी पट्टी काढावी, आणि ती काढताना करवतीऐवजी फोडण्याची पद्धत वापरावी. करवत आपण आखलेल्या रेघेवरून जाते, लाकूड मात्र आपल्या तंतूंवरून फुटते. तुळईचा हातभर लांब, गाठ नसलेला तुकडा उभा धरून त्याच्या माथ्यावर कोयता ठेवावा आणि लाकडी हातोड्याने बेताने ठोकावे. फाळणी जशी जाईल तशी जाऊ द्यावी. पट्टी थोडी वाकडी निघाली तरी चालते, कारण ती पुढे रंध्याने सरळ करता येते, आणि फारच वाकडी निघाली तर त्या तुकड्यातून सुया करायच्या नाहीत एवढे तरी वेळेवर कळते. पट्टीच्या लागून असलेल्या दोन्ही बाजू तपासाव्यात. सागवानाची छिद्रे लांबट गडद रेघांसारखी डोळ्यांना दिसतात; त्या रेघा दोन्ही बाजूंवर कडेला समांतर असतील तरच पट्टी सुईसाठी घ्यावी. एकाच बाजूवर पाहून समाधान मानले तर निम्म्या वेळा फसगत होते.

फोडलेल्या पट्ट्या लगेच अंतिम मापाला आणू नयेत. मोठ्या तुळईतून बारीक तुकडा निघाला की आतला ताण मोकळा होतो आणि तुकडा पुढच्या दिवसांत हळूहळू वळतो. पट्टी मापापेक्षा दुप्पट जाड ठेवून घरातच, भिंतीपासून दूर, हवा लागेल अशी ठेवावी. ती स्थिरावली की नाही हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळते: आठवड्याच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी आली, की लाकूड घरातल्या हवेशी जुळले.

क्रोशाचे तोंड आणि उघडी छिद्रे

सागवानाच्या वार्षिक वलयांत सुरुवातीची छिद्रे मोठी असतात आणि ती साध्या डोळ्यांनाही दिसतात. मेरिनोचा तंतू त्यांच्यापुढे इतका बारीक असतो, की तो सहज आत शिरतो आणि छिद्राच्या कडेवर कापला जातो. सुईच्या अंगावर ही छिद्रे लांबीच्या दिशेने असल्याने फारसा त्रास देत नाहीत. क्रोशाच्या खाचेत मात्र तंतू आडवे कापलेले असतात, छिद्रांची तोंडे थेट धाग्याकडे उघडतात आणि धाग्याचा सगळा ताणही तिथेच येतो. भिंग लावून पाहिले तर खाचेच्या आतल्या वळणावर लोकरीच्या लवेचा एक छोटा झुपका प्रत्येक अडकणाऱ्या क्रोशात बसलेला दिसतो.

टाचणीने ती लव काढावी आणि खाच गोल कानशीने साफ करावी. मग सुती दोऱ्याला ओलसर करून त्यावर अगदी बारीक, वस्त्रगाळ केलेली विटेची किंवा प्युमिस दगडाची पूड लावावी आणि तो दोरा खाचेतून मागेपुढे ओढावा. पेपरची घडी त्या वळणात नीट बसत नाही, दोरा बरोबर बसतो. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेली पातळ चपडा लाख (प्रमाण पुढे दिले आहे) थेंबभर खाचेत सोडून, त्याच लाकडाचा मैद्यासारखा बारीक भुसा चोळावा, वाळू द्यावे आणि पुन्हा दोरा फिरवावा. दोन-तीन वेळा असे केले की छिद्रे भरून येतात.

५ मिलिमीटरपेक्षा बारीक क्रोशा सागवानातून करूच नये, असे माझे मत आहे. खाच कापल्यावर तिथे उरणारे लाकूड फार थोडे असते. बारीक कामासाठी घट्ट, बारीक छिद्रांचे लाकूड लागते. मोडकामात हेदू सापडला तर तो आवर्जून बाजूला काढावा. फिकट पिवळसर, एकसारख्या पोताचे हे लाकूड गिरण्यांच्या बॉबिनसाठी वापरले जात असे, ते याच गुणामुळे. मालवाहू पॅलेटच्या पाइनपासून क्रोशा करण्याचा आग्रह धरू नये. त्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून असतात, पेपर मऊ पट्टा खातो, कठीण पट्टा उंच राहतो, आणि घासावे तितकी ती उंचसखलता वाढते. पाइनच्या मोठ्या वस्तू, म्हणजे लड्या गुंडाळण्याची चौकट किंवा मागाच्या पट्ट्या करताना पेपर नेहमी सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून वापरावा. पॅलेट निवडताना त्यावरचा शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया केलेले, दुसरे घेऊ नये.

चिकट थर

खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लाकडावर चमक आणते, पण ते कधीच वाळत नाही. ते धुळीला धरते, पुढे खवट होते आणि फिकट लोकरीवर डाग पाडते. जवसाचे तेल वाळते, मात्र सागवानात आणि त्याहून अधिक शिसवीत असलेल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे त्याचे वाळणे लांबते, आणि पावसाळी हवेत तर आठवडे जातात. चिकट अवजार स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने, कापडाची बाजू सतत बदलत, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसावे, दोन दिवस उघड्यावर ठेवावे आणि मग वर सांगितलेली ओलवण्याची कृती करून नव्याने लेप चढवावा. जवसाच्या तेलाची कापडे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

लोकरीच्या अवजारांसाठी मला पातळ चपडा लाख सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती तेलकट सागवानावरही नीट धरते आणि काही मिनिटांत वाळते. १ लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १०० ग्रॅम चपडा विरघळवून, गाळून, कापसाच्या पुरचुंडीने तीन-चार अतिशय पातळ हात द्यावेत, आणि प्रत्येक हातानंतर झिजलेला ४०० नंबरचा पेपर नुसता टेकवून फिरवावा. हे काम विस्तवापासून दूर आणि कोरड्या दिवशी करावे. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. चाती किंवा टकळी कातयंत्रावर घडवत असाल, तर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेने लाख चढवण्याची कातारी मंडळींची पद्धत याहून टिकाऊ आहे. शेवटी मधमाशीच्या मेणाचा अगदी थोडा हात द्यावा आणि कोरड्या लोकरी कापडाने तो जवळजवळ पूर्ण काढून टाकावा. जाड व्हार्निशचा मी सल्ला देत नाही. खाली लाकूड हलते आणि वर तो थर तडकतो, मग त्याच्याच कडा धागा कापू लागतात.

डगमगणारी चाती आणि लोकरीवरचे काळे डाग

पावसाळ्यात चाती डगमगू लागली, तर दोष बहुधा चकतीत असतो. लाकूड वलयांच्या दिशेने जितके फुगते त्याच्या साधारण निम्मे त्रिज्येच्या दिशेने फुगते, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. ६० मिलिमीटर व्यासाची सागवानी चकती कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत स्थिरावली तर एका दिशेने सुमारे १ मिलिमीटर आणि दुसऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहून कमी वाढू शकते. गोल चकती लंबगोल होते आणि मधले छिद्रही तिच्याबरोबर बदलते. दांडी गोंदाने कायमची चिकटवण्यापेक्षा ती किंचित निमुळती करून दाबून बसवावी, म्हणजे ऋतूनुसार ती खालीवर सरकवून घट्ट करता येते. चकतीच्या कडांवर आडवे तंतू उघडे असतात आणि ओलावा तिथूनच वेगाने शिरतो, म्हणून तिथे लाखेचे दोन हात जास्त द्यावेत.

पांढऱ्या लोकरीवर निळसर काळे ठिपके पडत असतील, तर ते लाकडातल्या टॅनिनची आणि लोखंडाची ओलाव्यात झालेली प्रक्रिया असते. खिळा निघून गेला तरी त्याच्या छिद्राभोवतीचे काळे लाकूड लोखंड धरून असते. असा भाग बोटभर जास्तीचा घेऊन कापून टाकावा, पट्टीवरून लोहचुंबक फिरवून आत तुटलेला खिळा नाही याची खात्री करावी, जोडणीला पितळी स्क्रू वापरावेत आणि ओल्या लड्या अशा चौकटीवर वाळत घालू नयेत. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देताना लाकूड दर वेळी भिजतेच, त्यामुळे तिथे वापरायच्या पट्ट्यांत खिळ्याच्या जागा मुळीच नकोत. काळ्या लोकरीवर डाग दिसत नाही, पण त्याच पट्टीवर पुढे पांढरा ताणा चढला की दिसतो.

जुन्या दारा-खिडक्यांच्या चौकटींवरील तेलरंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी २०१६ च्या नियमांनी ठरवली गेली, आणि वाड्यांवरचे रंग त्याआधीचे आहेत. असा रंग कोरडा घासू नये आणि आगीने तापवूही नये. पाणी मारून, ओला ठेवून खरवडावा, किंवा रंगाचा थर असलेली बाजूच फळीपासून वेगळी कापून टाकावी. सागवानाचा आणि शिसवीचा भुसा अनेकांच्या त्वचेला व श्वासाला त्रास देतो, म्हणून घासताना मुखपट्टी लावावी आणि मुलांना दूर ठेवावे.

इतके करूनही एखादी सुई अडकतच राहिली, तर ती कानाजवळ धरून अलगद वाकवावी. कुरकुर ऐकू आली, तर आत बारीक चीर आहे आणि ती सुई विणकामासाठी पुन्हा वापरू नये. चिरेच्या अलीकडचा धड तुकडा मात्र लांबीने पुरत असेल, तर त्याची टाके धरून ठेवण्याची आखूड सुई किंवा टकळीची दांडी होऊ शकते. पिवळसर भुशाचे ढीग आणि टाचणीच्या माथ्याएवढी भोके दिसणारे लाकूड मात्र त्याच दिवशी घराबाहेर काढावे आणि उरलेल्या साठ्यातील बाहेरचा पांढरा भाग असलेले तुकडे तपासावेत, कारण कीड सर्वांत आधी तिथेच लागते.